दवाखान्याचा खर्च आकड्यांत शोधताना: राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण कसं वापरावं

"ठाण्यात आजारपणावर किती खर्च होतो ते काढायचंय," असं म्हणत कुणी लॅपटॉप उघडला की मी आधी तो मिटायला लावते. कागदावर तीन गोष्टी लिहून घ्यायला सांगते: खर्च कोणाचा, किती काळातला, आणि भागायचा कशाने. दवाखान्यात दाखल झाल्याच्या दर खेपेला किती, दर आजारी माणसामागे किती, की घरटी किती? तिन्ही उत्तरं एकाच सर्वेक्षणातून निघतात आणि तिन्ही वेगळी येतात. हा कागद तयार नसेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

मी नोकरीत असताना सर्वेक्षणाचं शेड्यूल, म्हणजे छापील प्रश्नावली, घेऊन किसननगर, कळवा, मुंब्रा, तुर्भे, घणसोली अशा वस्त्यांत घरोघर फिरले. आता निवृत्त आहे. समाजकार्याचे आणि अर्थशास्त्राचे विद्यार्थी, संस्थांचे कार्यकर्ते, एखादा पत्रकार असे लोक येतात, त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. ही माहिती आपल्याच घरांतून गोळा झाली आहे, ती कोणालाही फुकट मिळते, आणि ती मराठी माणसांनी हाताळावी असं मला फार वाटतं.

कोणतं सर्वेक्षण घ्यायचं

दवाखान्याच्या खर्चासाठी मुख्य आधार म्हणजे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या आरोग्यावरच्या फेऱ्या. ७१ वी फेरी जानेवारी ते जून २०१४ मध्ये झाली, ७५ वी जुलै २०१७ ते जून २०१८ मध्ये. त्यानंतर ८० वी फेरी जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली. ७५ व्या फेरीत देशभरातली १,१३,८२३ कुटुंबं आणि ५,५५,११५ माणसं आहेत. शिकायला ७५ वीच घ्या. तिचा अहवाल छापलेला आहे, त्यामुळे तुम्ही काढलेला आकडा अहवालातल्या आकड्याशी ताडून पाहता येतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण विम्याबद्दल विचारतं, पण घरातल्या प्रत्येक आजारपणाच्या बिलात शिरत नाही. घरगुती उपभोग खर्चाच्या सर्वेक्षणात औषधपाण्याचा खर्च बाकी सगळ्या घरखर्चाच्या शेजारी बसतो. औषधांनी संसाराचा किती वाटा खाल्ला हे तिथे चांगलं दिसतं, पण कोणता आजार होता आणि कुठे दाखल केलं होतं हे दिसत नाही. तुमच्या कागदावरचा प्रश्न पाहून निवडा.

सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा (घराघराच्या मूळ नोंदी) संकेतस्थळावर नाव नोंदवलं की फाइली उतरवून घेता येतात. सोबत शेड्यूल, क्षेत्रीय कर्मचाऱ्यांसाठीच्या सूचनांचं पुस्तक आणि फाइलीतला कोणता रकाना कुठे आहे याचा तक्ता मिळतो. बहुतेक जण फक्त फाइली घेतात. मी म्हणते, पहिले दोन दिवस फाइल उघडूच नका. शेड्यूल छापून घ्या आणि आपल्या आईला, काकांना, शेजाऱ्यांना समोर बसवून भरा. आकडा कसा जन्मतो ते तिथे कळतं.

दारात काय घडतं

"गेल्या ३६५ दिवसांत घरातलं कोणी दवाखान्यात ऍडमिट होतं का?" असं विचारलं की पहिलं उत्तर ठोक येतं. "हो, ह्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, साठ हजार गेले." साठ हजार हे डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर भरलेले. तिथे थांबलं तर चुकीचा आकडा घेऊन बाहेर पडाल. शेड्यूलमध्ये खर्चाचे रकाने वेगवेगळे आहेत: पॅकेज, डॉक्टरांची फी, औषधं, तपासण्या, खाटेचं भाडं, इतर वैद्यकीय खर्च, पेशंटच्या ये-जा करण्याचा खर्च, आणि वैद्यकीय नसलेला बाकीचा खर्च. एकेक विचारत गेलं की घर आठवायला लागतं. किसननगरच्या एका खोलीत बाईंनी कपाटावरून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि फरशीवर कागद मांडले. दवाखान्याचं बिल वेगळं, बाहेरच्या मेडिकलची बिलं वेगळी, सोनोग्राफी दुसरीकडे केलेली तिची पावती वेगळी. रिक्षाचा कागद नसतोच. रात्री सोबतीला थांबलेल्या दिरासाठी खानावळीतून आणलेल्या जेवणाचाही नसतो. मुलगी हिशेब जुळवत होती, आणि बेरीज काउंटरवरच्या आकड्याच्या बरीच पुढे गेली.

हे सांगते कारण फाइलीत हे सगळे रकाने सुटे येतात आणि कुठले जोडायचे ते तुम्ही ठरवायचं असतं. अहवालात दर खेपेचा सरासरी वैद्यकीय खर्च म्हणून जो आकडा येतो त्यात प्रवास आणि खाण्यापिण्याचा खर्च धरलेला नसतो, बाळंतपणंही नसतात. ७५ व्या फेरीत तो देशभरात २०,१३५ रुपये आहे. सरकारी दवाखान्यात ४,४५२ आणि खासगीत ३१,८४५. तुमचा आकडा यापेक्षा वेगळा आला तर आधी हे पाहा की तुम्ही रिक्षा आणि बाळंतपण आत घेतलंत का. पहिला सराव म्हणून हे तीन आकडे स्वतः काढा. ते रुपयाच्या आसपास जुळले की तुमची फाइल नीट जोडली गेली असं समजायला हरकत नाही.

पैसे कुठून उभे केले हेही विचारलेलं असतं: कमाई-बचत, कर्ज, मालमत्ता विकून, नातेवाईक-मित्रांची मदत. ७५ व्या फेरीत दाखल होण्याच्या खर्चासाठी बचतीवर भागवणारे ग्रामीण भागात सुमारे ८० टक्के, शहरात सुमारे ८४ टक्के; कर्ज काढणारे १३ आणि ९ टक्के. हा प्रश्न मुख्य स्रोताचा आहे हे विसरू नका. मंगळसूत्र गहाण ठेवलं असेल तर ते कर्ज, विकलं असेल तर मालमत्ता विक्री. भिशी लवकर उचलली तर घरच्यांच्या मते ती स्वतःचीच बचत असते, पुढचे हप्ते डोक्यावर असले तरी. म्हणून "८४ टक्के लोकांना त्रास झाला नाही" असं वाक्य या आकड्यावरून कधीही लिहू नका. त्या बचतीत मुलीच्या कॉलेजची फी होती की काय, हे शेड्यूल विचारत नाही.

फाइली जोडणं

शेड्यूलच्या प्रत्येक ब्लॉकची वेगळी फाइल असते. घराची एक, माणसांची एक, दाखल होण्याच्या खेपांची एक, त्यांच्या खर्चाची एक, पंधरा दिवसांतल्या आजारांची एक. त्या जोडायला किल्ली लागते. नमुना गट (निवडलेलं गाव किंवा शहरातला भाग) क्रमांक, त्यातला उपभाग, दुसऱ्या टप्प्याचा स्तर (तिथल्या घरांचे पाडलेले गट) आणि कुटुंब क्रमांक एकत्र केले की एक घर ओळखता येतं. माणसापर्यंत जायचं तर त्याला घरातला अनुक्रमांक जोडा, खेपेपर्यंत जायचं तर खेपेचा. जोडण्याआधी प्रत्येक फाइलीतल्या ओळी मोजून लिहून ठेवा, जोडल्यावर पुन्हा मोजा. एकाच माणसाच्या दोन खेपा असतील तर माणसांच्या फाइलीला जोडताना तो दोनदा येतो, आणि लोकसंख्या गुपचूप फुगते.

वर्षभरात मरण पावलेल्या सदस्यांची नोंद निराळी असते. शेवटच्या आजारपणात घर रिकामं होतं हे आपण सगळे जाणतो, म्हणून घरखर्चाचा अभ्यास करताना ही माणसं वगळू नका. सध्याच्या सदस्यांच्या यादीशी ती जुळणार नाहीत, तेव्हा संगणक त्यांना आपोआप गाळेल. मुद्दाम पाहून परत घ्यावी लागतात.

भार न लावता काहीही काढू नका

या एका गोष्टीवर मी जास्त वेळ घालवते. आरोग्याच्या फेरीत ज्या घरांत कोणी दाखल झालं होतं अशी घरं मुद्दाम जास्त प्रमाणात निवडतात, नाहीतर खर्चाबद्दल बोलायला पुरेशा खेपाच मिळणार नाहीत. अन्वेषक आधी संपूर्ण वस्तीची घरं नोंदवतो, मग ती स्तरांत विभागतो आणि प्रत्येक स्तरातून ठरलेली घरं उचलतो.

समजा वस्तीत २०० घरं आहेत, त्यांतल्या २० घरांत कोणी ना कोणी दाखल झालं होतं. त्या २० मधून ४ घरं घेतली आणि उरलेल्या १८० मधून ४. तुमच्या फाइलीत आठ ओळी आल्या, निम्म्या दाखल झालेल्यांच्या. नुसती टक्केवारी काढली तर "५० टक्के घरांत कोणीतरी दाखल" असं येईल. पण पहिल्या चारांतलं प्रत्येक घर ५ घरांच्या वतीने बोलतं आणि दुसऱ्या चारांतलं प्रत्येक घर ४५ घरांच्या वतीने. तो भार लावला की २०० पैकी २०, म्हणजे १० टक्के. खरं चित्र हेच.

फाइलीत हा भार गुणकाच्या रूपात दिलेला असतो आणि तो कसा वापरायचा ते सोबतच्या टिपणात असतं. ७१ व्या, ७५ व्या फेऱ्यांत दोन उपनमुने (नमुन्याचे दोन स्वतंत्र भाग) एकत्र घेताना गुणकाला १०० ने किंवा २०० ने भागायचं असतं. कोणत्या ओळीला कोणता भाजक, हे टिपणात सांगितलेले दोन रकाने समान आहेत की नाहीत यावर ठरतं. टिपण वाचून करा, अंदाजाने नको. मग सगळ्या भारांची बेरीज करून पाहा. ती देशाच्या घरांच्या संख्येच्या जवळपास यायला हवी. शंभर पट आली तर भागाकार राहिला आहे. आर, स्टाटा किंवा आकडेमोडीचं दुसरं कोणतंही सॉफ्टवेअर वापरा, पण भारासोबत स्तर आणि नमुना गटही सांगा, नाहीतर सरासरी बरोबर येईल, पण तिची चुकीची मर्यादा (खरा आकडा किती इकडेतिकडे असू शकतो तो पट्टा) खोटी अरुंद दिसेल.

विमा: कार्ड असणं आणि पैसे मिळणं

७५ व्या फेरीत कोणत्याही आरोग्य योजनेचं संरक्षण असलेली माणसं ग्रामीण भागात सुमारे १४ टक्के आणि शहरात सुमारे १९ टक्के आहेत. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, ४१ टक्के. वर्तमानपत्रात हे दोन आकडे शेजारी ठेवून "विमा दुपटीने वाढला" असं लिहून मोकळे होतात. पहिला आकडा माणसांचा आहे. दुसरा अशा घरांचा आहे जिथे निदान एका सदस्याला संरक्षण आहे. पाच माणसांच्या घरात एकट्या कामगाराला कारखान्याचा विमा असला तर घर मोजलं जातं, बाकी चौघं उघडीच राहतात. त्याच सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये प्रमाण ३० टक्के आणि पुरुषांमध्ये ३३ टक्के येतं. शिवाय दोन्हींच्या मध्ये सप्टेंबर २०१८ मध्ये आयुष्मान भारतची जन आरोग्य योजना सुरू झाली. काही वाढ खरी आहे, पण किती ते या वजाबाकीतून कळत नाही.

महाराष्ट्रात आणखी एक अडचण आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना शिधापत्रिकेवर चालायची. पिवळं किंवा केशरी कार्ड कपाटात असायचं आणि दारात "आरोग्य विमा आहे का?" विचारलं की उत्तर यायचं "नाही." हप्ता भरला नाही म्हणजे विमा नाही, असा लोकांचा सरळ हिशेब. वागळे इस्टेटमधला कामगार पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विम्याची वर्गणी, कापली जाते हे जाणतो, पण त्याच्या बायकोला विचारलं तर तीही कधी कधी नाही म्हणते. त्यामुळे सर्वेक्षणातला आकडा म्हणजे लोकांना माहीत असलेलं संरक्षण. योजनेच्या कार्यालयातला पात्र लोकांचा आकडा वेगळा असणारच. दोन्हींतलं अंतर हाच एक अभ्यासाचा विषय आहे, आणि माझ्या मते फार महत्त्वाचा, कारण ज्या हक्काची माहितीच नाही तो ऐन वेळी डिपॉझिट मागणाऱ्या काउंटरवर उपयोगी पडत नाही.

म्हणून विम्याचा अभ्यास कार्डावर थांबवू नका. खर्चाच्या ब्लॉकमध्ये विमा कंपनीकडून किंवा मालकाकडून परत मिळालेली रक्कम असते. विमा असलेल्यांपैकी किती जणांना काही परत मिळालं, आणि एकूण खर्चाचा किती हिस्सा, हे काढा. कॅशलेस खेप कशी नोंदवायची हे सूचनांच्या पुस्तकात वाचून घ्या. ७१ व्या आणि ७५ व्या फेरीत विम्याच्या प्रकारांचे संकेतांक एकसारखे नाहीत, तेव्हा तुलना करण्याआधी दोन्ही शेड्यूलं समोरासमोर ठेवून गट जुळवा.

एक गोष्ट विद्यार्थी हमखास लिहितात: "विमा असलेल्यांचा खर्च जास्त, म्हणून विमा निरुपयोगी." विमा असलेला माणूस खासगीत जाण्याची, मोठं ऑपरेशन टाळत न बसण्याची शक्यता जास्त. नुसत्या दोन सरासऱ्यांच्या फरकावरून कारण ठरवता येत नाही. आजार, दवाखान्याचा प्रकार, घराची ऐपत हे सारखं ठेवून पाहावं लागतं, आणि तरीही निष्कर्ष बेताने लिहावा लागतो.

घर मोडतं का

झेपण्यापलीकडचा खर्च मोजायची रूढ रीत अशी: वर्षाचा खिशातून गेलेला आरोग्यखर्च, भागिले घराचा वर्षाचा एकूण उपभोग खर्च. हे प्रमाण १० टक्क्यांच्या किंवा २५ टक्क्यांच्या पुढे गेलेली घरं मोजायची. शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत याच दोन रेषा वापरल्या गेल्या. उदाहरण मांडते. कळव्यातल्या एका घराचा महिन्याचा खर्च २२,००० रुपये, म्हणजे वर्षाला २,६४,०००. दाखल होण्यावर सगळं धरून ६०,००० गेले, त्यातले २५,००० परत मिळाले. खिशातून ३५,०००. प्रमाण साधारण १३ टक्के. हे घर पहिली रेषा ओलांडतं, दुसरी नाही. परतावा वजा केला नसता तर २३ टक्के दिसलं असतं.

यात दोन खाचा आहेत. आरोग्याच्या शेड्यूलमध्ये घरखर्च मोजक्याच प्रश्नांतून विचारलेला असतो. घरगुती उपभोग खर्चाच्या सर्वेक्षणातली लांबलचक यादी तिथे नसते. त्यामुळे तो आकडा कमी सांगितला जातो आणि प्रमाण फुगतं. दुसरी खाच पंधरा दिवसांची. दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा खर्च गेल्या १५ दिवसांचा विचारतात. ३६५ भागिले १५ ने गुणून वर्षाचा काढला तर देशाची किंवा राज्याची बेरीज ठीक येते. पण एका घराला त्याच पंधरवड्यात ताप आला म्हणून त्याचा खर्च चोवीस पट करून "हे घर मोडलं" म्हणणं चूक. त्यामुळे रेषा ओलांडणाऱ्या घरांची टक्केवारी काढताना दाखल होण्याचा खर्च आणि बाहेरचा खर्च आधी वेगवेगळा दाखवा, मग एकत्र. मधुमेह, रक्तदाब अशा रोजच्या गोळ्यांच्या बाबतीत मात्र हा गुणाकार बराच खरा ठरतो.

सरासरीसोबत मध्यकही द्या, म्हणजे सगळे खर्च चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. एखाद्या हृदयाच्या ऑपरेशनने शंभर घरांची सरासरी वर जाते.

आणि ज्याने खर्च केलाच नाही त्याच्याकडे पाहा. घरांचे ऐपतीनुसार पाच गट पाडले की खालच्या गटाचा खर्च कमी दिसतो. मुंब्र्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी गुडघ्याबद्दल सांगितलं, "दाखवलं तर सांगतील ऑपरेशन. दाखवतच नाही." त्यांच्या ओळीत शून्य आहे. संगणकाला ते घर सुरक्षित वाटतं. उपचार का घेतले नाहीत याचा प्रश्न शेड्यूलमध्ये आहे, तो तक्ता खर्चाच्या तक्त्याशेजारी छापलाच पाहिजे.

ठाण्याचा आकडा मिळेल का

७५ व्या फेरीच्या फाइलीत जिल्ह्याचा संकेतांक असतो, म्हणून मोह होतो. पण त्या फेरीचा नमुना राज्याच्या पातळीवर भरवशाचा आकडा देण्यासाठी बेतलेला आहे. ठाणे जिल्ह्यातल्या दाखल खेपा मोजा, मग त्यांतल्या सरकारी, मग त्यांतल्या शहरी. हातात मूठभर ओळी उरतात. "शहरी महाराष्ट्र" घ्या, आणि ठाण्याबद्दल बोलायचं तर ते संदर्भ म्हणून. जानेवारी २०२५ पासून जिल्हा हाच नमुन्याचा मूळ स्तर केला आहे, त्यामुळे पुढच्या फेऱ्यांत जिल्ह्याला वाव वाढेल.

जिल्हा म्हणजे काय हेही तपासा. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. ७१ वी फेरी त्याआधी संपली, म्हणून तिच्यातल्या ठाण्यात जव्हार, मोखाडा आहेत. ७५ वीतल्या ठाण्यात नाहीत. दोन्हींची तुलना करून "ठाण्यात सरकारी दवाखान्यांचा वापर घटला" असं काढाल तर ती घट कशाची असेल ते ओळखा. नवी मुंबईला तर स्वतःचा संकेतांकच नाही. वाशी, नेरूळ, घणसोली ठाणे जिल्ह्यात; खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये.

दोन फेऱ्यांची तुलना

रुपये सरळ वजा करू नका, ग्राहक किंमत निर्देशांकाने एका वर्षाच्या भावात आणा. ऋतूही पाहा. ७१ वी फेरी जूनमध्ये संपली, त्यामुळे आपल्याकडचा डेंग्यू, लेप्टो, मलेरियाचा पावसाळा तिच्या पंधरा दिवसांच्या प्रश्नांत जवळजवळ नाही. ७५ वी वर्षभर चालली. तरी पंधरा दिवसांत आजारी असल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण ग्रामीण भागात ८.९ वरून ६.८ टक्क्यांवर आणि शहरात ११.८ वरून ९.१ वर आलं. पावसाळा आत येऊनही घट. देश निरोगी झाला असा निष्कर्ष काढण्याआधी प्रश्न कसा विचारला, कोणी उत्तर दिलं, घरातल्या बाईऐवजी पुरुषाने दिलं का, हे पाहावं लागेल. माझा अनुभव असा की पुरुष स्वतःचा आजार सांगतो, सासूची कंबर आणि बायकोचा अशक्तपणा त्याच्या यादीत येत नाही.

शेवटी निकाल लिहिताना आकड्याला त्याची माहिती चिकटवूनच ठेवा. असं वाक्य लिहा: "शहरी महाराष्ट्रात, जुलै २०१७ ते जून २०१८ च्या फेरीनुसार, बाळंतपण वगळून खासगी दवाखान्यात दाखल झाल्याच्या दर खेपेला खिशातून गेलेला वैद्यकीय खर्च, परतावा वजा करून, इतका, नमुन्यातल्या खेपा इतक्या, चुकीची मर्यादा इतकी." वाक्य लांब झालं तरी चालेल. वापरलेल्या आज्ञांची फाइल तारीख घालून जपून ठेवा आणि ती मागेल त्याला द्या, म्हणजे दुसरा कोणी तोच आकडा पुन्हा काढून पाहू शकेल.